संगीताच्या वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून देताना

संगीताच्या वर्गात ओळख करून द्यायची वेळ आली की बहुतेक जण नाव सांगतात, "मला लहानपणापासून संगीताची आवड आहे" म्हणतात आणि खाली बसतात. या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. आवड नसती तर इथे प्रवेश कशाला घेतला असता? समोर बसलेल्यांना तुमच्याबद्दल हवं असतं ते वेगळंच. तबला वाजवणाऱ्याला तुमची पट्टी, म्हणजे तुम्ही कोणत्या स्वराला सा धरता ते, हवं असतं. गाणारीला तिच्या गाण्याला हार्मोनिअमवर कोण बसेल हे हवं असतं. गिटारवाल्याला तुम्ही स्वरलिपी वाचता की कानाने बसवता, हे हवं असतं. पुढे समूहगान येतं, साथसंगत येते, परीक्षेची तयारी येते आणि कोणी कोणाबरोबर बसायचं याचा अंदाज सगळे याच पहिल्या ओळखीवरून बांधतात. म्हणून ओळख अशी द्या की ऐकणाऱ्याला तिचा काही उपयोग होईल.

पायरी १ : आधी कागदावर चार उत्तरं लिहा

भाषण लिहू नका. लिहिलेलं भाषण पाठ होतं, आणि पाठ केलेलं मध्येच विसरतं. फक्त चार प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरं लिहा: मी काय गातो किंवा वाजवतो? कोणत्या पट्टीत? सध्या कशावर मेहनत चालू आहे? मला इथे कोणाबरोबर काय करायचं आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देतच नाहीत आणि नेमकं तेच सगळ्यांत कामाचं असतं. "मला साथीबरोबर गायची सवय नाही, रोज अर्धा तास कोणी ठेका धरायला तयार असेल तर हवं आहे" असं म्हणणाऱ्या मुलीकडे त्याच दिवशी दोन तबलेवाले येतील. "मला गायनाची आवड आहे" म्हणणाऱ्या मुलीकडे कोणी कशाला येईल?

पायरी २ : पट्टी नक्की करा

इथे जरा थांबू या, कारण सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतात.

गाणारे असाल तर तुमचा षड्ज, म्हणजे सा, कुठे लागतो हे आधी हार्मोनिअमवर तपासून घ्या. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पांढऱ्या पट्ट्या सीपासून मोजायच्या: पांढरी एक सी, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी. वर्गात दोन्ही भाषा बोलणारे असतात, त्यामुळे दोन्ही सांगता आलं तर उत्तम. पुरुषांचे आवाज बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतात, बायकांचे काळी तीन ते काळी पाचच्या आसपास. पण हा ढोबळ अंदाज झाला. तुमच्या गळ्याला तो लागू असेलच असं नाही.

पट्टी तपासायची रीत सोपी आहे. खर्जाचा रियाज झाल्यावर, म्हणजे गळा थोडा मोकळा झाल्यावर, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात पंचमापर्यंत (प) उतरा आणि तार म्हणजे वरच्या सप्तकात गंधार-मध्यमापर्यंत (ग-म) चढा. खालचा पंचम ऐकू येईल इतका भरीव लागला आणि वरचा गंधार न ओरडता लागला, की ती तुमची पट्टी. वरचा स्वर फेकून मारावा लागत असेल तर अर्धी पट्टी उतरा. चढ्या पट्टीत गाणं म्हणजे जास्त चांगलं गाणं, हा गैरसमज पहिल्या वर्षाच्या वर्गात फार असतो. त्यात उगाच पडू नका.

वादकांनी आपल्या वाद्याची अडचण सांगून टाकावी. तबलेवाल्यांनी आपल्याकडचा तबला कोणत्या स्वराला लागतो ते सांगावं. एका तबल्याचा स्वर फार तर एखाद-दोन पट्ट्या वरखाली होतो, त्यापुढे गट्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसलात तरी तो नीट बोलत नाही. लहान तोंडाचा तबला चढ्या पट्टीला आणि मोठ्या तोंडाचा उतरत्या पट्टीला चांगला बोलतो. काळी एकचा तबला घेऊन आलेल्याला काळी चारच्या गायिकेबरोबर बसवलं तर पहिला अर्धा तास ठोकाठोकीतच जातो. ते टाळायचं तर "माझ्याकडे काळी एकचा तबला आहे, काळी चारचा नाही" एवढं एक वाक्य पुरतं. काळी एक हा काळी चारचा मध्यम आहे हे तबल्यावाल्याला माहीत असतंच, आणि अडीअडचणीला मध्यमाला लावलेल्या तबल्यावर वेळ मारून नेता येते. पण तसं करायचं असेल तर ते गाणारीला विचारून ठरवायचं.

सतार बहुतेक वेळा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास लावतात, आणि तारा फार वर ताणल्या तर तुटायची भीती. बासरीची पट्टी तर बांबूतच ठरलेली असते, म्हणून बासरीवाल्याने आपल्याकडे कोणत्या कोणत्या बासऱ्या आहेत ते सांगावं. गिटारवाल्यांना एक सोय आहे: पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला आणि सी कॉर्डचे आकार धरले की काळी एक मिळते. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं तर गाणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो.

फुंकून वाजवायच्या पाश्चात्त्य वाद्यांचं एक त्रांगडं आहे, तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. ट्रम्पेटच्या स्वरलिपीत सी लिहिलेला असला तरी कानाला बी फ्लॅट ऐकू येतो. आल्टो सॅक्सोफोनवर तोच सी ई फ्लॅट होतो. "मी सी वाजवतो" म्हटल्यावर पियानोवाल्याने सी वाजवला आणि दोघं एकमेकांकडे बघत बसले, असं होऊ नये म्हणून "ऐकू येणारा सी" की "लिहिलेला सी" ते स्पष्ट करायचं.

हार्मोनिअम जुनी असेल तर तिची काळी एक आणि फोनमधल्या तानपुऱ्याची काळी एक जुळतीलच याची खात्री नाही. फोनमधली बहुतेक अ‍ॅप्स पियानोच्या मधल्या सप्तकातला ए सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. हे आंतरराष्ट्रीय मानक १९५५ मध्ये ठरलं. जुन्या पेट्या मात्र ज्याने स्वर लावले त्याच्या कानाप्रमाणे थोड्या वरखाली असतात. म्हणून आपली पट्टी घरच्या पेटीवर काढली असेल तर फोनवरच्या तानपुऱ्यावरही एकदा पडताळून घ्या.

आणखी एक. मुलाचा आणि मुलीचा षड्ज वेगळा आहे म्हणून दोघांना एकत्र गाताच येणार नाही असं समजून कोणी नाराज होऊ नये. त्याची काळी एक आणि तिची काळी तीन असेल, तर तिचा षड्ज हा त्याचा मध्यम होतो. या नात्याचा वापर करून पंडित जसराज यांनी जसरंगी ही जुगलबंदी रूढ केली. तिच्यात दोघं आपापल्या षड्जावरून दोन वेगळे राग एकाच वेळी गातात. पहिल्या वर्षाला ते झेपणार नाही, पण पट्टी सांगितल्याने पुढे काय काय सुचू शकतं ते यातून कळेल.

पायरी ३ : गुरू, घराणं, परीक्षा यांचं किती सांगायचं

गुरूंचं नाव आदराने एकदा घ्या आणि पुढे चला. आपण कोणाकडे, किती काळ शिकलो हे सांगण्यात काही गैर नाही, उलट ऐकणाऱ्याला तुमच्या गाण्याची दिशा कळते. गैर आहे ते मोठ्या कलाकाराच्या एखाद्या शिबिरात बसलो म्हणून "मी त्यांचा शिष्य" म्हणणं. संगीताचं जग लहान आहे, खरं काय ते चार दिवसांत कळतं.

घराण्याच्या बाबतीत तर आणखी जपून. दोन वर्षं तालीम झालेल्याने "मी अमुक घराण्याचा" म्हणण्यापेक्षा "माझी तालीम अमुक घराण्याच्या पद्धतीने झाली" म्हणावं. फरक लहान वाटतो, पण जाणत्याला तो लगेच जाणवतो.

परीक्षांची यादी नको. विशारद झालात किंवा पाश्चात्त्य पद्धतीत पाचवी ग्रेड झाली असेल तर तेवढं सांगा. त्यापुढच्या बक्षिसांची आणि ढालींची यादी कोणी विचारली तरच. ज्याने एकही परीक्षा दिलेली नाही, जो फोनवरचे व्हिडिओ बघून शिकला, त्याने ते बेधडक सांगावं. वर्गात असे तीन-चार जण तरी असतातच आणि पहिल्याने सांगितलं की बाकीच्यांची भीड मोडते. चित्रपटगीतंच गात आलेल्यांनाही हेच सांगेन. तीन मिनिटांत गाणं पोहोचवायची त्यांची सवय ख्याल गाणाऱ्या अनेकांकडे नसते.

पायरी ४ : प्रत्यक्ष बोलणं

एक मिनिट पुरतं. बसून सांगत असाल तर पाठ ताठ ठेवा. मुद्रा चांगली दिसावी म्हणून नव्हे, श्वास पुरावा म्हणून. हे दोन नमुने बघा.

पहिला: "नमस्कार. मी हिंदुस्तानी गायन शिकते. पट्टी काळी चार. पाच वर्षं तालीम झाली आहे. सध्या भूप रागातला मध्यलयीचा ख्याल चालू आहे. ताना साफ येतात, पण लयीशी खेळताना मी घाबरते, सम चुकते. त्यामुळे ठेक्यावर बसवून घेणारं कोणी हवं आहे. बदल्यात कोणाला बंदिशी हव्या असतील तर माझ्या वहीत बऱ्याच आहेत."

दुसरा: "मी कीबोर्ड वाजवतो, कॉर्ड्स आणि थोडं अरेंजिंग. रागसंगीत अजिबात शिकलेलो नाही, त्यामुळे तुम्ही सम म्हणालात की मी पहिला बीट समजतो. चुकत असेन तर सांगा. रेकॉर्डिंगचं सामान आहे, कोणाला डेमो करायचा असेल तर बोला."

दोन्हींत एक गोष्ट येत नाही असं कबूल केलं आहे आणि एक गोष्ट देऊ केली आहे. असं बोलल्यावर समोरचा मोकळा होतो. मात्र यात अतिरेक नको. "मला काहीच येत नाही, मी अगदीच नवशिका आहे" असं तीनदा म्हटलं की ऐकणाऱ्याला तुमची समजूत काढावी लागते, आणि एवढ्यात पुढच्याची पाळी आलेली असते.

वर्गात वयाने मोठे विद्यार्थीही असतात. संगीताच्या वर्गात नोकरी सांभाळून किंवा निवृत्त झाल्यावर शिकायला येणारे हमखास भेटतात. त्यांना आधी "तुम्ही" म्हणा, आणि पुढे ताई, दादा, काका यांतलं काय म्हणायचं ते त्यांनाच विचारा. काही जणांना काका म्हटलेलं अजिबात आवडत नाही, त्यांना वर्गमित्रच व्हायचं असतं.

पायरी ५ : "काहीतरी ऐकव की!"

हे वाक्य येणारच. त्याची तयारी ठेवा, आणि तयारी लहान ठेवा. दीड मिनिटाच्या वर नाही. विलंबित ख्याल सुरू केलात तर पहिलं आवर्तन होईपर्यंत लोक घड्याळाकडे बघू लागतात. मध्यलयीची एखादी बंदिश, तिचा स्थायी-अंतरा, दोन छोटे आलाप, बस्स. वादकांनी एखादा छोटा तुकडा किंवा गत. तबलेवाल्यांनी कायदा (ठरावीक बोलांची रचना) वाजवायचा तर दोन पलटे आणि तिहाई, अख्खा विस्तार नको.

सुरू करण्याआधी साथीदाराला काय सांगायचं, ते नीट बघा. पुष्कळांना तेच जमत नाही. नुसतं "तीनताल" पुरत नाही. मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर येणारी सुरुवात, कुठून उठते तेही सांगा: "तीनताल, मध्यलय, मुखडा नवव्या मात्रेपासून आहे." मग चुटकीने किंवा हाताने लय दाखवा, दोन-चार मात्रा मोजा, आणि मगच सुरू करा. नववी मात्रा म्हणजे 'खाली' (टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा), तिथून उठलात की आठ मात्रांनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, याल, हे तबल्यावाल्याला आधी कळलं तर तो तुम्हाला अचूक समेवर घेतो. रूपक घेत असाल तर ७ मात्रांचा ताल आहे आणि समेवरच खाली आहे, हे पाश्चात्त्य संगीताच्या मुलांना आधी सांगा. नाहीतर जोरदार पहिल्या बीटची वाट बघत ते बिचारे अख्खं आवर्तन हरवून बसतात. ड्रमवाल्याला मध्यलय म्हणून काही कळणार नाही, त्याला मिनिटाला किती ठोके ते सांगा.

तानपुरा फोनवर लावणार असाल तर राग लक्षात घ्या. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला लावायची. अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा पंचमच ठेवलेला असतो, आणि घाईत कोणी तो बदलत नाही. मग मालकंस गाताना मागे पंचम घोंघावत राहतो आणि सगळ्या वर्गाला तो खुपतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच कोणाचा तरी फोन येऊन षड्ज बंद पडतो.

आणि एक विनंती. "आज गळा जरा बसलाय" असं म्हणून सुरुवात करू नका. गाणाऱ्यांची ही इतकी जुनी सवय आहे की ऐकणारे ते वाक्य ऐकूनही ऐकत नाहीत. गळा खरोखरच बसला असेल तर गाऊ नका, सरळ सांगा की पुढच्या आठवड्यात ऐकवेन. बसलेला गळा रेटला तर तो आणखी चार दिवस बसतो.

पायरी ६ : दुसऱ्यांची ओळख ऐकताना

आपली पाळी येईपर्यंत आपलंच वाक्य मनात घोळवत बसायचं आणि पाळी गेली की सुटकेचा निःश्वास सोडून फोन काढायचा, हे सगळीकडे दिसतं. त्याऐवजी वहीत एक पान करा: नाव, वाद्य किंवा आवाज, पट्टी, आणि त्याला काय हवं आहे. संध्याकाळपर्यंत ती वही वर्गातल्या सगळ्यांत मागणी असलेल्या वस्तूंपैकी एक होते.

कोणी स्वरलिपीची वही दाखवली तर आधी पद्धत विचारा. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या स्वरलिपी वेगवेगळ्या आहेत, आणि काही खुणा तर एकमेकींच्या उलट. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्र सप्तकाचं, तारेसाठी डोक्यावर उभी रेघ. भातखंडे पद्धतीत समेला गुणाकाराची खूण आणि खालीला शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकाची खूण. त्यामुळे मैत्रिणीच्या वहीतली बंदिश न विचारता उतरवून घेतलीत, तर एक अख्खी ओळ सप्तक चुकवून पाठ व्हायची. तेव्हा "तुझी वही कोणत्या पद्धतीची?" हा प्रश्न ओळखीच्याच दिवशी विचारण्याजोगा आहे.

दुसऱ्याच्या वाद्याला हात लावण्याआधी विचारा. मोकळी दिसली म्हणून सतारीच्या तारा छेडून बघू नका, तबल्यावर थापा मारू नका. शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, घामट बोटं लागलेली तबलेवाल्याला मुळीच चालत नाहीत. कोणी बोलत असताना हळूच पेटी वाजवत बसणारे सगळ्या वर्गांत असतात. त्यांना डोळ्यांनी गप्प बसवा.

पायरी ७ : वर्गाच्या ग्रुपवर

फोनवरच्या ग्रुपमध्ये ओळख टाकायची असेल तर लेखी टाका, आवाज सोबत जोडायचा असेल तर तीस सेकंदांचा. पट्टी पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे पुढे शोधायला सोपं. भला मोठा व्हिडिओ पहिल्याच दिवशी टाकू नका. तो अर्ध्या लोकांनी उघडलेला नसतो आणि उरलेल्या अर्ध्यांनी "वा!" लिहिलेलं असतं.

पहिली भेट व्हिडिओ कॉलवर होणार असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. एक म्हणजे अशा कॉलमध्ये गोंगाट कमी करायची सोय चालू असते आणि ती तानपुऱ्याचा अखंड नाद पंख्याचा आवाज समजून कापून टाकते. झूममध्ये "ओरिजिनल साउंड" चालू केलं तर तो टिकतो. दुसरी म्हणजे कॉलवर एकत्र वाजवायचा आग्रह धरू नका. दोघांमध्ये साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या वर उशीर झाला की लय ओढली जाऊ लागते, आणि व्हिडिओ कॉलवर उशीर त्याहून बराच जास्त होतो. एकाने वाजवावं, दुसऱ्याने आपला माइक बंद करून त्यावर गावं, एवढंच नीट जमतं. तेही फक्त गाणाऱ्याच्या कानाला.

गात-वाजवत नसाल तर

संगीतशास्त्र, ध्वनिमुद्रण, संगीत अध्यापन अशा विषयांना आलेल्यांना ओळखीच्या वेळी उगाच अवघडल्यासारखं होतं. होऊ देऊ नका. "मी गात नाही, रेकॉर्डिंग करतो, कोणाला आपला रियाज ऐकून तपासायचा असेल तर मला सांगा" असं म्हणणाऱ्याभोवती पहिल्याच आठवड्यात गर्दी होते, कारण आपला आवाज बाहेरून ऐकायची संधी सगळ्यांनाच हवी असते.

उशिरा प्रवेश मिळाला असेल तर

पंधरा दिवसांनी वर्गात आलात तर सगळ्यांसमोर उभं राहून ओळख द्यायचा हट्ट धरू नका. तोपर्यंत जोड्या ठरलेल्या असतात. ज्याच्याकडे पट्ट्यांची ती वही आहे त्याला शोधा, त्याच्याकडून आपल्या पट्टीच्या जवळ कोण कोण आहे ते विचारून घ्या, आणि त्यांच्यापैकी एकाला मधल्या सुट्टीत गाठून सांगा: "मी पांढरी चारला गाते, तुमच्या रियाजाला येऊन बसू का?"